माझ्या मनात पाप नाही, मग लेक मला काय म्हणतेय?

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

मी १९९९ साली दोन बॅगा घेऊन अमेरिकेत आलो. आता न्यू जर्सीत स्वतःचं घर आहे. थोरली लेक सतरा वर्षांची आहे. आमच्या टाउनशिपमध्ये, म्हणजे गावात, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी भाड्याच्या घरांच्या दोन इमारती होऊ घातल्या आहेत. त्यांना विरोध करणाऱ्या निवेदनावर मी सही केली. कारण साधं होतं : रस्त्यावरची गर्दी, शाळेतले आधीच भरलेले वर्ग. लेकीनं ते पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, हा सिस्टिमिक रेसिझम आहे." मला ते फार लागलं. मी आयुष्यात कधी कुणाचा रंग बघून वागलो नाही. आम्ही इथे शून्यातून वर आलो, मग इतरांना काय अडचण आहे, असंही माझ्या तोंडून गेलं.

मग मी तिला एक जुनी गोष्ट सांगितली. दुकानाच्या पार्किंगमध्ये एका काळ्या माणसानं मला "तुझ्या देशात परत जा" म्हणून शिव्या दिल्या होत्या, हातातला सोड्याचा कप अंगावर फेकला होता. बायको गाडीत बसली होती, तेव्हा हीच लेक तिच्या पोटात होती. त्यावर लेक म्हणाली, "ते वाईट होतं बाबा, पण तो प्रेज्युडिस होता, रेसिझम नाही." तीन आठवडे झाले, आम्ही कामापुरतं बोलतो. माझ्या मनात पाप नाही, ताई. मग चूक कोणाची?

– एक बाप, न्यू जर्सी

उत्तर

नमस्कार,

आधी त्या पार्किंगबद्दल बोलू, कारण तुमच्या पत्रातली खरी जखम तिथे आहे.

त्या माणसानं तुमचा रंग बघून, तुमचा वंश बघून तुमच्यावर हात उचलल्यासारखंच केलं. पोटुशी बायको शेजारी असताना केलं. त्याला वंशद्वेष म्हणायला मला जराही संकोच वाटत नाही. अमेरिकेतल्या अनेक अभ्यासकांनी 'रेसिझम' हा शब्द सत्तेशी जोडलेल्या भेदासाठी राखून ठेवला आहे आणि एकट्या माणसाच्या आकसाला ते 'प्रेज्युडिस', म्हणजे पूर्वग्रह, म्हणतात. तुमच्या लेकीनं तीच व्याख्या वापरली; तिचा 'सिस्टिमिक रेसिझम' म्हणजे व्यवस्थेतच मुरलेला भेद. रोजच्या बोलण्यात हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो आणि तिथला कायदाही, वार करणारा कुठल्या रंगाचा आहे यावर संरक्षण ठरवत नाही. तेव्हा शब्दावरून तुम्ही हरलात असं समजू नका. तिनं केलेला फरक खरा आहे, पण तो तिनं चुकीच्या क्षणी सांगितला. बाप आपला अपमान उघडा करून दाखवत असताना त्याला व्याख्या ऐकवायची नसते.

आणखी एक. 'वैयक्तिक' म्हणजे 'किरकोळ' असं मुळीच नाही. १९८७ मध्ये तुमच्याच राज्यातल्या जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' म्हणवणारी टोळी भारतीयांना धमक्या देत होती, बायकांच्या कपाळावरच्या कुंकवावरून त्या टोळीनं हे नाव घेतलं होतं. त्या काळात त्या भागात भारतीयांवर हल्ले झाले, माणूस जिवानिशी गेला. एकट्यादुकट्या माणसांच्या मनातला द्वेष असा जीव घेऊ शकतो. म्हणून पूर्वग्रह धाकटा आणि व्यवस्थेतला भेद थोरला, अशी उतरंड मी लावणार नाही. त्या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत.

त्या वेगळ्या कशा, हे सांगताना आपली मराठी जरा आडवी येते. रेसिझमला आपण सहज 'वर्णद्वेष' म्हणतो. या शब्दाच्या पोटातच द्वेष आहे, आणि द्वेष राहतो मनात. त्यामुळे कुणी 'रेसिझम' म्हटलं की आपण लगेच स्वतःचं मन चाचपतो. तिथे काही सापडलं नाही की म्हणतो, माझ्या मनात पाप नाही. तुम्ही अगदी हेच केलंत आणि प्रामाणिकपणे केलंत. पण आपल्याकडे दुसराही शब्द आहे : वर्णभेद. भेद मनातच असला पाहिजे असं नाही. तो नियमात असू शकतो, अर्जाच्या नमुन्यात, नकाशात, कर्जाच्या अटीत असू शकतो. नियम राबवणाऱ्या माणसाचं मन स्वच्छ असतानाही तो आपलं काम करत राहतो. लेक भेदाबद्दल बोलत होती आणि तुम्हाला द्वेष ऐकू आला. तुमच्या घरातलं अर्धं भांडण इथे आहे, असं मला वाटतं.

एक खटला सांगते. नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक पॉवर कंपनीचं डॅन रिव्हर नावाचं वीजकेंद्र होतं. तिथे पाच विभाग होते आणि कृष्णवर्णीय कामगारांना फक्त एकाच विभागात, मजुरांच्या विभागात, घेत. त्या विभागातला सगळ्यात जास्त पगार बाकीच्या विभागांतल्या सगळ्यात कमी पगाराहून कमी होता. हा उघड भेद होता. मग १९६४ चा नागरी हक्क कायदा आला आणि नोकरीतल्या भेदभावावरची बंदी २ जुलै १९६५ पासून लागू झाली. त्याच दिवसापासून कंपनीनं चांगल्या विभागांत नव्यानं येणाऱ्यांसाठी दोन लेखी चाचण्या लावल्या. हायस्कूल पास असण्याची अट आधीपासून होतीच. आता नियम सगळ्यांना सारखा झाला. कुठेही रंगाचं नाव नाही. कागदावर तरी गुणवत्ता सोडून काही नाही.

पण १९६० च्या जनगणनेनुसार नॉर्थ कॅरोलायनात गोऱ्या पुरुषांपैकी ३४ टक्के हायस्कूल पास होते आणि कृष्णवर्णीय पुरुषांपैकी १२ टक्के. हे साहजिकच होतं, कारण तोवर त्यांच्या शाळाच वेगळ्या आणि कमी प्रतीच्या ठेवल्या होत्या. उलट, अट येण्याआधी लागलेले हायस्कूल न झालेले गोरे कामगार तीच कामं व्यवस्थित करत होते, बढत्याही घेत होते. म्हणजे ते काम करायला ती अट लागत नव्हती. कामगार कोर्टात गेले. खालच्या न्यायालयांनी म्हटलं की कंपनीचा भेदभावाचा हेतू सिद्ध होत नाही. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल फिरवला. सरन्यायाधीश बर्गर यांच्या निकालाचं सार असं की हा कायदा नुसता हेतू बघत नाही, परिणाम बघतो. अटीचा कामाशी संबंध दाखवता येत नसेल आणि ती एका गटाला बाहेर ठेवत असेल, तर हेतू चांगला असूनही ती चालणार नाही.

कंपनीच्या साहेबाच्या मनात काय होतं, हा प्रश्न या निकालात बाजूलाच पडला. पूर्वग्रहाबद्दल विचारायचं तर 'तुझ्या मनात काय आहे?' असं विचारावं लागतं. व्यवस्थेबद्दल विचारायचं तर 'या नियमानं कुणाच्या वाट्याला काय येतं, आणि तो बदलता येईल का?' असं विचारावं लागतं. 'मी कुणाचा द्वेष करत नाही' हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुमच्या बाबतीत ते खरं आहे असं मी धरून चालते. लेकीचा प्रश्न मात्र दुसरा होता.

आता तुमच्या टाउनशिपकडे येऊ, कारण तुम्ही ज्या राज्यात राहता तिथेच हा वाद फार पूर्वी झाला आहे, जवळजवळ तुमच्याच शब्दांत.

१९३४ मध्ये अमेरिकी सरकारनं फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन नावाची संस्था काढली. ती बँकांच्या गृहकर्जांना हमी द्यायची. हमी मिळाली की हप्त्याची मुदत लांबे, सुरुवातीला भरायची रक्कम कमी होई, आणि साध्या पगारदाराला घर घेता येई. अमेरिकेतला मध्यमवर्ग घरमालक झाला तो या वाटेनं. पण या संस्थेची नियमपुस्तिकाच सांगत होती की वस्तीत वेगवेगळ्या वंशांची माणसं मिसळली तर घरांची किंमत धोक्यात येते, म्हणून मिश्र आणि कृष्णवर्णीय वस्त्यांना हमी टाळावी. त्याच दशकात दुसऱ्या एका सरकारी संस्थेनं दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले : हिरवा सर्वांत सुरक्षित, मग निळा, पिवळा आणि शेवटी लाल. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळपास नेमानं लाल रंगात गेल्या. 'रेडलायनिंग' हा शब्द त्या लाल रंगावरून आला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ च्या कायद्यानं स्वस्त कर्ज ठेवलं होतं, पण कर्ज देणार होती गावची बँक. १९४७ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या तेरा शहरांच्या एका पाहणीत त्या योजनेतली ३,२२९ कर्जं मोजली गेली. त्यांतली कृष्णवर्णीय सैनिकांना मिळाली दोन. तुमच्याच राज्यात विलिंगबरोला १९५८ मध्ये हजारो घरांची वसाहत उभी राहत असताना बिल्डरनं उघड सांगितलं होतं की कृष्णवर्णीयांना घर विकणार नाही. त्याला कोर्टानं अडवावं लागलं.

घरविक्रीतला भेदभाव देशभर बेकायदा ठरला तो १९६८ मध्ये. तोपर्यंत एक अख्खी पिढी घर घेऊन मोकळी झाली होती आणि दुसरी भाडं भरत राहिली होती. घराचं तुम्हाला मी काय सांगावं. त्याची किंमत वाढते, त्यावर मुलांच्या कॉलेजसाठी कर्ज मिळतं, ते वारशानं जातं, आणि शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून निघत असल्यामुळे घर कुठे आहे यावर शाळा ठरते. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या, म्हणजे मालमत्तेच्या क्रमानं बरोबर मध्यावर येणाऱ्या, गोऱ्या कुटुंबाची निव्वळ मालमत्ता २,८५,००० डॉलर होती आणि मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९०० डॉलर. हा सगळा फरक एकट्या त्या नकाशांनी पाडला असं मी म्हणणार नाही. पण तो पाडायला आज कुणी कुणाचा द्वेष करण्याची गरज उरलेली नाही, हे मात्र म्हणेन.

यानंतरचा टप्पा तुमच्या सहीशी थेट जोडलेला आहे. दक्षिण न्यू जर्सीत माउंट लॉरेल नावाचं गाव आहे. तिथे कृष्णवर्णीय कुटुंबं पिढ्यान्पिढ्या राहत होती. एथेल लॉरेन्स त्यांतल्याच एक. गाव सुधारत गेलं तसा बांधकामाचा नियम आला : एकेकटं घर, मोठा भूखंड, अपार्टमेंट नाहीत. पडक्या घरांत राहणाऱ्या जुन्या कुटुंबांनी छत्तीस छोट्या घरांची योजना आणली, ती नियमात बसली नाही. म्हणजे आपल्याच गावात राहायचं तर मोठं घर घ्या, नाहीतर गाव सोडा. लॉरेन्स कोर्टात गेल्या. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की प्रत्येक वाढत्या गावानं कमी उत्पन्नाच्या घरांचा आपला न्याय्य वाटा उचलला पाहिजे. गावं दाद देईनात, म्हणून १९८३ मध्ये आणखी कडक निकाल द्यावा लागला. तुमच्या गावातल्या त्या दोन इमारतींमागे बहुधा हीच जबाबदारी आहे.

आणि त्या १९७५ च्या निकालात न्यायालयानं माउंट लॉरेलच्या पंचांना वर्णद्वेष्टे म्हटलं नाही. त्यांचा हेतू मालमत्ता कर कमी राहावा, शाळेचा खर्च वाढू नये एवढाच होता, हे न्यायालयानं धरूनच चाललं. म्हणजे तुमचं जे कारण, जवळपास तेच त्यांचं. तरीही नियम मोडीत काढला, कारण तो कमी उत्पन्नाच्या माणसांना गावात राहायची वाटच ठेवत नव्हता. ती घरं अखेर बांधली गेली तेव्हा एथेल लॉरेन्स हयात नव्हत्या.

'आम्ही शून्यातून वर आलो' हे वाक्य मी बाजूला ठेवणार नाही, कारण त्यातली मेहनत खरी आहे. पण त्या दोन बॅगांच्या आधी काय घडलं होतं, तेही तुमच्या गोष्टीत घ्या. १७९० च्या कायद्यानुसार बाहेरून आलेल्यांपैकी फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' व्यक्तीला अमेरिकेचं नागरिक होता येई. भगतसिंग थिंड नावाचे शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सांगितलं की तुम्ही गोरे नाही, म्हणून नागरिक नाही. त्यानंतर आधी नागरिकत्व मिळालेल्या भारतीयांचंही काढून घेतलं गेलं. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई त्यांतले एक. नागरिकत्व गेलं, मालमत्ता गेली, भारतात जायला पासपोर्ट मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला. त्यांच्या मेहनतीत काय कमी होतं? भारतीयांना नागरिकत्वाची वाट १९४६ मध्ये उघडली, पण भारतातून वर्षाला येऊ द्यायचे ते फक्त शंभर जण. खरं दार उघडलं १९६५ च्या कायद्यानं, आणि तो आला कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्यानं देश ढवळून निघाल्यावर. पुढे त्या दारातून आणि व्हिशांच्या नियमांतून आपल्याकडचे इंजिनियर, डॉक्टर, पदवीधर निवडून घेतले गेले. तुमच्या बॅगेत कपडे होते तशी बहुधा पदवीही असणार. ज्या कुटुंबाच्या आजोबांना कर्ज नाकारलं गेलं त्याची तुमच्याशी तुलना करायची, तर ही निवडही मोजावी लागेल. तुम्हाला कमी लेखावं म्हणून मी हे लिहीत नाहीये. व्यवस्थेनं १९२३ मध्ये आपल्याला दाराबाहेर ठेवलं आणि १९९९ मध्ये आत घेतलं, दोन्ही वेळा आपण तेच होतो, एवढंच मला दाखवायचं आहे.

लेकीच्या बाजूनं एवढं लिहिल्यावर तिलाही एक गोष्ट सांगायला हवी. जिथे फरक दिसेल तिथे 'सिस्टिमिक' म्हणून मोकळं होता येत नाही. कुठला नियम, तो कुणाला अडवतो, कसा अडवतो, ही वाट दाखवावी लागते. आणि व्यवस्थेबद्दल बोलताना समोरच्याला गुन्हेगार ठरवलं की तो पुन्हा आपलं मन चाचपायला लागतो आणि बोलणं परत द्वेषावर येऊन अडतं. तिनं 'ही सही कुणाला बाहेर ठेवेल?' असं विचारलं असतं तर तुम्ही कदाचित तीन आठवडे गप्प बसला नसता.

हेही खरं की मन आणि नियम यांच्यात भिंत नाही. बॉस्टन आणि शिकागोमध्ये झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सुमारे पाच हजार बनावट अर्ज नोकऱ्यांसाठी पाठवले होते. पात्रता सारखी, नावं तेवढी वेगळी. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला साधारण दहा अर्जांमागे एक बोलावणं आलं, कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाला पंधरांमागे. ते अर्ज बाजूला टाकणाऱ्यांपैकी कित्येकांनी तुमच्याइतक्याच खरेपणानं सांगितलं असतं की आम्ही गुणवत्ता सोडून काही बघत नाही.

आता सहीचं. मला विचाराल तर ती मागे घ्या. गर्दीचा आणि शाळेचा प्रश्न सोडून द्या असं मी म्हणत नाही, तो खरा असू शकतो. पण 'इमारती नकोत' आणि 'इमारती होताना रस्ता, सिग्नल, वर्ग यांचं काय' या दोन वेगळ्या मागण्या आहेत. प्लॅनिंग बोर्डाच्या जाहीर सुनावणीत नागरिकांना बोलता येतं. आराखडा मागवा, घरं किती आहेत ते बघा, वाहतुकीचा अहवाल झाला आहे का विचारा. आणि मोठ्या किमतीच्या बंगल्यांची वसाहत आली असती तर त्याच गर्दीसाठी तुम्ही सही केली असती का, हे स्वतःला एकदा विचारा. उत्तर मला कळवायची गरज नाही.

हे सगळं लेकीला सोबत घेऊन करा. सतरा वर्षांच्या मुलीला व्याख्या पाठ असतात, आराखडा वाचायला तिला तुमच्यासारखा माणूस हवा. पण त्याआधी पार्किंगची गोष्ट तिला पुन्हा सांगा. मागच्या वेळी ती तुम्ही वादातला पुरावा म्हणून सांगितलीत आणि तिनं ती पुराव्यासारखीच खोडून काढली. या वेळी नुसती सांगा : तो कप, तो माणूस, तुम्ही उलट काही का बोलला नाहीत, घरी पोचेपर्यंत आई काय म्हणाली. तिला तेव्हाचं काहीच माहीत नाही.

तुमची,
ताई